एक आण्याचे जेवण



विषमतेविषयी बोलावयाचे म्हटले की प्रथम आकडे पुढे येतात, आणि ते यावयासही हवेत. भारतातील उत्पन्न व संपत्ती यांचा १९२२ पासून २०२३ पर्यंतचा हिशेब काही अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. तोमा पिकेती हे त्यांपैकी एक होत. या हिशेबानुसार २०२२-२३ साली देशाच्या एकूण उत्पन्नापैकी २२.६ टक्के उत्पन्न सर्वांत वरच्या एक टक्का लोकांच्या हाती गेले, आणि संपत्तीतील त्यांचा वाटा तर ४०.१ टक्के निघाला. हिशेबाच्या पद्धतीवर इतर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले आहेत, आणि तसे ते घेतले जाणे योग्यच आहे. परंतु आकडा चारदोन टक्क्यांनी खाली आला, तरी ज्याचा पगार वीस तारखेलाच संपतो त्याच्या मनातील प्रश्न त्यामुळे बदलत नाही. शेजारच्या बंगल्यात काय शिजते याची चौकशी तो फारशी करीत नाही. आपल्या मुलाचे पुढे काय होणार, हे तो विचारतो.

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली एका लेखात या मनःस्थितीचे फार मार्मिक वर्णन केले आहे. एका लांब बोगद्यात मोटारींच्या दोन रांगा अडकून पडल्या आहेत, अशी कल्पना करा. दोन्ही रांगा एकाच दिशेने जावयाच्या आहेत आणि दोन्ही स्तब्ध आहेत. इतक्यात शेजारची रांग हलू लागते. आपली रांग जागच्या जागीच असते, तरीही आपल्याला बरे वाटते. कारण शेजारची हलली म्हणजे आता आपलीही हलणार, असे मन सांगते. हा आनंद काही काळ टिकतो. परंतु शेजारच्या मोटारी एकामागून एक निघून जातात आणि आपली मात्र हलत नाही, असे दिसू लागले की त्याच आशेचा संताप होतो. दुसऱ्याची भरभराट माणूस का सहन करतो आणि ती कधी सहन करीनासा होतो, याचे इतके सोपे स्पष्टीकरण क्वचितच वाचावयास मिळते. हर्शमन यांच्या बोगद्यात एका गोष्टीची भर घालावयास हवी. गरीब माणसाच्या मोटारीत मागच्या बाजूस त्याची मुले बसलेली असतात, आणि तो पुष्कळसा धीर त्यांच्याकडे पाहूनच धरतो.

तेव्हा विषमता दोन प्रकारची मानली पाहिजे. एक घराघरांतील, आणि दुसरी, जी आकड्यांत सहसा दिसत नाही ती, बापाच्या मिळकतीने मुलाचे भविष्य आधीच ठरवून टाकण्याची. पहिली प्रखर असूनही दुसरी सौम्य असेल, तर समाज तग धरतो. दोन्ही प्रखर झाल्या की बोगद्यातील संतापाची वेळ येते. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही हे घडले आहे. राज चेट्टी व त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिले की, तेथे १९४० साली जन्मलेल्या मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुले मोठेपणी आपल्या आईबापांपेक्षा अधिक कमवू लागली. १९८० साली जन्मलेल्यांत हे प्रमाण निम्म्यावर आले. भारतात असा हिशेब मांडणे कठीण आहे, कारण बाप व लेक या दोघांच्याही मिळकतीच्या नोंदी आपल्याकडे एकत्र ठेवलेल्या नसतात. म्हणून संशोधक शिक्षणावरून अंदाज घेतात. सॅम आशर, पॉल नोव्होसाड व चार्ली रॅफ्किन यांच्या अभ्यासातून जे दिसते ते विचार करावयास लावणारे आहे. खालच्या थरात जन्मलेल्या मुलाची वर चढण्याची शक्यता देशभरात कित्येक दशके जवळजवळ आहे तेथेच राहिली. दलित व आदिवासी यांची स्थिती सुधारली, मुसलमानांची घसरली, आणि बेरीज होती तशीच राहिली. मात्र प्रदेशाप्रदेशांत मोठा फरक आढळला. शहरांत, आणि विशेषतः दक्षिणेकडील राज्यांत, ही शक्यता अधिक होती.

दक्षिणेत असे काय घडले? या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ ठिकाणी शोधता येईल. पण एका शहरात ते जितके स्पष्ट दिसते तितके इतरत्र दिसत नाही, आणि ते शहर म्हणजे चेन्नई. १९९६ पर्यंतचे मद्रास.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस उत्तर मद्रासमधील पेरांबूर भागात बकिंगहॅम आणि कर्नाटिक या कापडगिरण्यांचे भोंगे वाजत असत. एप्रिल १९१८ मध्ये तेथील कामगारांनी मद्रास लेबर युनियन ही संघटना स्थापन केली. भारतातील पहिल्या रीतसर कामगार संघटनांत तिची गणना होते. तिचे अध्यक्ष बहमन पेस्तनजी वाडिया हे मुंबईचे पारशी गृहस्थ; थिऑसॉफीच्या कार्यासाठी ते अड्यारला येऊन राहिले होते. संघटनेच्या अगदी आरंभीच्या मागण्यांत एक मागणी अशी होती की, दुपारच्या जेवणाची सुटी तीस मिनिटांची आहे ती चाळीस मिनिटांची करावी. आज ही मागणी वाचताना हसू येण्याचा संभव आहे. दहा मिनिटांसाठी संघटना! परंतु ज्याला अर्ध्या तासात गिरणीच्या फाटकाबाहेर जाऊन, डबा शोधून, हात धुऊन, जेवून पुन्हा यंत्रापाशी उभे राहावयाचे असते, त्याला दहा मिनिटांचे मोल ठाऊक असते. मद्रासमध्ये गरिबांच्या हक्काची भाषा जेवणाच्या सुटीपासून सुरू झाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दोनच वर्षांनी, सप्टेंबर १९२० मध्ये, मद्रास महानगरपालिकेने एक ठराव केला. पालिकेचे अध्यक्ष पिट्टी त्यागराय चेट्टी हे जस्टिस पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होते. शहरातील त्यागराय नगर, ज्याला लोक टी. नगर म्हणतात, ते त्यांच्याच नावाचे. थाउजंड लाइट्स भागातील पालिकेच्या शाळेत मुलांना दुपारचे खाणे द्यावे आणि त्यासाठी दर मुलामागे दर दिवशी एक आण्याहून अधिक खर्च करू नये, असे या ठरावात म्हटले होते. रुपयाचे सोळा आणे होत असत, हे तरुण श्रोत्यांसाठी सांगितलेले बरे.

हा एक आणा कशासाठी? तर त्या शाळेत येणारी मुले गरीब होती, आणि खाणे नसल्याने पट घसरत होता. येथे थोडे थांबून एका गरीब घराचा हिशेब समजून घेतला पाहिजे, कारण पुढील सारी कथा त्यावर उभी आहे. सात-आठ वर्षांचे मूल शाळेत जाते तेव्हा त्या घराला फी भरावी लागत नसली तरी खर्च होतोच. ते मूल धाकट्या भावंडास सांभाळीत असते, सरपण आणीत असते, कोठेतरी चार पैसे मिळवीत असते. ते सारे बंद होते. आणि दुपारी त्याला भूक लागते ती लागतेच. शाळा फुकट आहे असे सरकार म्हणते, तेव्हा ते खरे असते. परंतु ती महाग आहे असे आई म्हणते, तेव्हा तेही खरेच असते. एक आण्याचे जेवण हे या दोन सत्यांमधील अंतर भरून काढण्याचा प्रयत्न होता.

तीच गाठ त्या काळी महाराष्ट्रातही सोडविली जात होती, पण निराळ्या बोटांनी. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात म्हटले होते की, सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या श्रमातून येतो आणि शिक्षणावरील खर्च मात्र वरच्या वर्गाच्या पदरात पडतो. शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. कोल्हापुरात पालकाला दंड आणि मद्रासमध्ये मुलाला घास, असा हा भेद आहे. अर्थात शाहूंनी वसतिगृहे काढून विद्यार्थ्यांच्या भोजनाची व निवासाची सोयही केली होती, त्यामुळे त्यांना केवळ दंडाचे पुरस्कर्ते म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण प्राथमिक शाळेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाला आत आणावयाचे तर घासाचा उपाय अधिक परिणामकारक असतो, असे पुढील अनुभवाने दिसून आले.

पुढील अनुभव मात्र लगेच आला नाही. मद्रासमधील ही सोय आणखी काही शाळांत सुरू झाली होती. परंतु प्राथमिक शिक्षणाच्या निधीतून अन्नावर खर्च करण्यास ब्रिटिश शासनाने मान्यता दिली नाही, आणि १९२५ मध्ये जेवण थांबले. जेवण हे शिक्षण नव्हे, असा तो हिशेबतपासनिसाचा युक्तिवाद होता. दोन वर्षांनी ते पुन्हा थोड्या प्रमाणावर चालू झाले. तपासनीस नेहमी असेच बोलतात आणि त्यांचे म्हणणे कागदावर बरोबरही असते.

यानंतर मुख्य वळण आले ते १९५३ मध्ये, आणि ते चुकीच्या दिशेने आले. चक्रवर्ती राजगोपालाचारी तेव्हा मद्रास राज्याचे मुख्यमंत्री होते. सरकारजवळ पैसा थोडा आणि शाळेबाहेरील मुले फार, अशी अडचण होती. त्यांनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी अशी योजना काढली की, मुलांच्या दोन तुकड्या कराव्यात, प्रत्येक तुकडीने दिवसातून सुमारे तीन तास शाळेत यावे, आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरी राहून आईबापांचा धंदा शिकावा. राजाजींच्या विद्वत्तेविषयी किंवा साधेपणाविषयी कोणास शंका नव्हती. हाताने काम करण्याची प्रतिष्ठा वाढावी, ही त्यांची इच्छाही प्रामाणिक असेल. परंतु कुंभाराच्या मुलाने दुपारी मडकी घडवावीत आणि न्हाव्याच्या मुलाने वस्तरा धरावा, याचा अर्थ ज्यांच्या मुलांसाठी ही योजना होती त्यांनी तत्काळ ओळखला. ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण, हे नाव तिला विरोधकांनी दिले आणि तेच टिकले. ज्या गोष्टीतून मुलाने सुटावे म्हणून बापाने त्यास शाळेत घातले, तीच शाळेने त्याच्या हाती परत द्यावी, हे कोणाला सहन होणार? राजाजी १९५४ मध्ये पायउतार झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात योजनाही मागे घेण्यात आली.

त्यांच्या जागी जे आले ते कुमारस्वामी कामराज. विरुदुनगरच्या या गृहस्थांची शाळा बालपणीच सुटली होती. वडील वारल्यावर ते मामाच्या कापडदुकानात कामास लागले. एप्रिल १९५४ ते ऑक्टोबर १९६३ अशी साडेनऊ वर्षे ते मुख्यमंत्री होते. त्यांच्याविषयी तमिळनाडूत एक गोष्ट सांगितली जाते. प्रवासात त्यांना गुरे राखणारा एक मुलगा भेटला. शाळेत का जात नाहीस, असे विचारल्यावर, शाळेत गेलो तर खावयास कोण देईल, असे त्याने उलट विचारले. ही गोष्ट जशीच्या तशी घडली की नाही, हे शोधण्यात विशेष अर्थ नाही. तो मुलगा एकच नव्हता. १९५६ च्या सुमारास राज्यातील प्राथमिक शाळांतून दुपारच्या जेवणाची योजना सुरू झाली. शिक्षण खात्याचे संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांनी ती प्रथम गावकऱ्यांच्या मूठमूठ धान्यावर उभी केली आणि नंतर सरकारने खर्चाचा भार उचलला. भिकेची सवय लागेल, शिक्षक स्वयंपाकी होतील, पैसा कोठून आणावयाचा, असे आक्षेप निघालेच.

हेच सारे आक्षेप १९८२ मध्ये पुन्हा, आणि अधिक तीव्रपणे, घेतले गेले. एम. जी. रामचंद्रन यांनी त्या वर्षी १ जुलैला पौष्टिक आहाराची योजना जाहीर रीतीने सुरू केली. प्रथम खेड्यांत आणि सप्टेंबरपासून शहरांत. चित्रपटातील नायकाने मतांसाठी केलेला खेळ, असे तिचे वर्णन त्या वेळी पुष्कळ सुशिक्षितांनी केले. रामचंद्रन यांचा जन्म सिलोनमध्ये कँडीजवळ झाला होता. वडील लवकर गेले, आईने हालात दिवस काढले, आणि मुलास लहान वयातच नाटक मंडळीत पाठवावे लागले. आपल्या बालपणीच्या उपासमारीचा उल्लेख त्यांनी या योजनेच्या संदर्भात स्वतः केला होता. राजकारण्याच्या हेतूंत मते आणि आठवण यांचे मिश्रण असते. त्यांचे प्रमाण काढीत बसण्यापेक्षा पातेल्यात काय शिजले ते पाहणे बरे. प्रत्येक शाळेस स्वयंपाकघर मिळाले. स्वयंपाकीण व मदतनीस म्हणून गावातील गरीब स्त्रियांची, विधवा व परित्यक्ता यांना प्राधान्य देऊन, नेमणूक झाली. पुढील काळात सरकारे बदलली, पक्ष एकमेकांचे हाडवैरी राहिले. परंतु आलेल्या प्रत्येकाने या ताटात काही ना काही वाढले, काढून घेतले नाही. करुणानिधींच्या राजवटीत १९८९ मध्ये अंडे आले, प्रथम पंधरवड्यातून एकदा, आणि पुढे शाळेच्या प्रत्येक दिवशी. स्पर्धेचे असे फळ लोकशाहीत नेहमी मिळते असे नाही.

या जेवणाचा आणखी एक परिणाम झाला. मुले एका पंगतीस बसली. महाराष्ट्रात समतानंद अनंत हरी गद्रे यांना झुणकाभाकर सहभोजने घडवून आणण्यासाठी गावोगाव खटपट करावी लागली, आणि तीही कधीतरी एखादे दिवशी. शाळेत ते रोज दुपारी, भाषणाशिवाय, घडू लागले. दलित स्त्रीने शिजविलेले अन्न आमच्या मुलांना नको, अशा तक्रारी काही गावांतून आल्या, अजूनही येतात, हे नमूद करणे आवश्यक आहे. पंगत बसली म्हणून जात उठली असे झालेले नाही.

देशाने हे उशिरा ओळखले. १९९५ मध्ये केंद्र सरकारने योजना आणली खरी, पण पुष्कळ राज्यांत शिजविलेल्या अन्नाऐवजी महिन्याला तीन किलो धान्य घरी दिले जाई. महाराष्ट्रातील पालकांना शाळेतून आणलेल्या तांदळाची ती पिशवी आठवत असेल. घरी नेलेला तांदूळ सर्वांच्या हंडीत जातो. शाळेत शिजलेला तांदूळ त्या मुलाच्याच पोटात जातो आणि त्यासाठी त्यास शाळेत यावे लागते. एवढ्याशा फरकात सारी योजना आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये शिजविलेलेच अन्न द्यावे असा आदेश दिला, आणि त्यानंतर आपल्याकडील शाळांतून खिचडीचा वास येऊ लागला.

मग मद्रासमधील त्या एक आण्याचे पुढे काय झाले? उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीनुसार २०२१-२२ साली अठरा ते तेवीस या वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणातील नोंदणी तमिळनाडूत ४७ टक्के होती; देशात २८.४, आणि महाराष्ट्रात ३५.३. याचे सारे श्रेय भाताच्या ताटाला देणे भाबडेपणाचे होईल. आरक्षण, शिष्यवृत्त्या, गावागावांत गेलेली एस.टी., दवाखाने, आणि जन्मदराची घट, या सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु पहिलीत न आलेले मूल महाविद्यालयात येत नाही, हेही तितकेच उघड आहे. अलीकडील एक बदल तर फार बोलका आहे. मूवलूर रामामिर्दम् या समाजसुधारक स्त्रीच्या नावाने तमिळनाडूत गरीब मुलींच्या विवाहासाठी साहाय्य दिले जात असे. सप्टेंबर २०२२ पासून तो पैसा, सरकारी शाळेत शिकून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींना, शिक्षण पुरे होईपर्यंत महिना एक हजार रुपये याप्रमाणे दिला जाऊ लागला. मुलीच्या भविष्याची सरकारी व्याख्याच जणू बदलली. वैद्यकीय महाविद्यालयांतील साडेसात टक्के जागा सरकारी शाळांतील विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवणारा कायदाही २०२० चाच.

येथवर कथा आशेची आहे. परंतु ती येथेच थांबविणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण शिक्षणाने मुलगा दारापर्यंत जातो. दार उघडणे मिळकतीच्या हाती असते. १९९६ हे वर्ष या दृष्टीने ध्यानात ठेवावे. त्या वर्षी शहराचे नाव बदलले. त्याच वर्षी बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. आणि त्याच वर्षी शहराच्या पश्चिमेस श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला कोरियातील ह्युंदाई कंपनीने मोटारींच्या कारखान्याची पायाभरणी केली. गिरणीत बापाच्या शिफारशीवर मुलास जागा मिळे. ती नोकरी कष्टाची पण कायमची असे. नव्या कारखान्यांच्या परिसरात पदविका घेतलेला मुलगा जातो तेव्हा पुष्कळदा त्यास कंत्राटावर किंवा उमेदवार म्हणून घेतले जाते, आणि मुदत संपली की तो दुसऱ्या फाटकाशी उभा राहतो. बाप निरक्षर होता आणि कायम होता. मुलगा सुशिक्षित आहे आणि तात्पुरता आहे. वर चढला कोण, हे शिक्षणाच्या आकड्यांवरून सांगता येते, पण त्या घरात विचारले तर उत्तर इतके सरळ मिळणार नाही.

दुसरे वर्ष २०००. त्या वर्षी शहराच्या दक्षिणेस तरमणी येथे टायडेल पार्क ही संगणक उद्योगांची प्रचंड इमारत उघडली, आणि तेथून महाबलिपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर काचेच्या इमारतींची रांग उभी राहू लागली. त्याच सुमारास, त्याच रस्त्यावर, ओक्कियम तोरैपाक्कम येथे कण्णगी नगर ही वसाहत वसविण्यात आली. शहरातील नदीकाठच्या व रस्त्याकडेच्या झोपड्या हलवून माणसे तेथे आणली गेली. घरे १५,६५६, एकेक घर दीडदोनशे चौरस फुटांचे. तमिळनाडूच्या झोपडपट्टी निर्मूलन मंडळाने १९७० नंतरच्या पहिल्या वर्षांत शक्य तेथे झोपड्यांच्याच जागी चाळी बांधल्या होत्या, म्हणजे माणसाचे काम, मुलाची शाळा आणि शेजार तुटत नसे. कण्णगी नगरपासून ही रीत सुटली. २००४ च्या सुनामीनंतर सेम्मंचेरी आणि २०१५ च्या पुरानंतर पेरुंबाक्कम, अशा वसाहती दूरदूर भरत गेल्या. स्थलांतर कित्येकदा शालेय वर्षाच्या मधोमध झाले. पक्के छप्पर मिळाले, हे खरे; परंतु ज्या शाळेच्या पंगतीत मूल बसत होते ती वीस-पंचवीस किलोमीटर मागे राहिली.

चाळीस वर्षांच्या खटपटीने जे जोडले ते एका ट्रकफेरीने तुटते. मूल काही दिवस जुन्या शाळेत जाण्याचा प्रयत्न करते, मग नव्या शाळेची चौकशी होते, मग एखादे वर्ष बुडते. आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे वर्ष एकदा बुडाले की तो कोठेतरी कामास लागतो. पुढे त्या वसाहतींतही शाळा निघाल्या, बसगाड्या वाढल्या. तरीसुद्धा नोकरीच्या अर्जावर कण्णगी नगर हा पत्ता लिहिण्यास तरुण कचरतात, कारण त्या नावावरूनच माणसाची पारख केली जाते. बोगद्यातील दुसरी रांग हर्शमन यांना कल्पनेने उभी करावी लागली होती. कण्णगी नगरच्या मुलांना ती गच्चीवरून दिसते. रात्री उशिरापर्यंत तिचे दिवे जळत असतात, आणि ते दिवे जेथे जळतात तेथील जिने झाडण्यास त्यांच्या आया जातात.

याच वसाहतीतील एक मुलगी २०२५ मध्ये बहारीन येथे आशियाई युवा क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेल्या भारतीय कबड्डी संघात होती. तेथील लोकांनी तिचे जे स्वागत केले त्यात कौतुकाइतकाच, वस्तीचे नाव वर्तमानपत्रात एकदाचे चांगल्या कारणाने आले याचा, आनंदही होता.

आता मूळ गोष्टीकडे वळू. १५ सप्टेंबर २०२२ रोजी तमिळनाडूत सरकारी प्राथमिक शाळांतील मुलांना सकाळची न्याहारी देण्यास आरंभ झाला; प्रथम १,५४५ शाळांत, पुढील वर्षी ऑगस्टमध्ये राज्यातील सर्व ३१,००८ सरकारी प्राथमिक शाळांत, आणि २०२५ पर्यंत अनुदानित शाळांतही. उपमा, खिचडी, पोंगल, आणि सोबत भाज्या घातलेले सांबार, असे साधे पदार्थ. दुपारचे जेवण असताना सकाळचे कशाला, हा प्रश्न याही वेळी विचारला गेला. त्या वेळचे मुख्यमंत्री स्टालिन यांनी सांगितले की, चेन्नईतील एका शाळेच्या कार्यक्रमात त्यांनी मुलांना विचारले, आणि पुष्कळ मुले सकाळी काही न खाता आली होती, असे आढळले.

याचे कारण पेरुंबाक्कमला गेल्यास समजते. तेथून शहरात घरकामास जाणाऱ्या स्त्रिया पूर्वी ज्या घरांच्या पाठीमागेच राहत होत्या, तीच घरे आता गाडीने तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. सातला भांडी घासावयाची तर पाचला घर सोडावे लागते. त्या वेळी मूल झोपलेले असते. पूर्वी आई कामावरून मध्येच घरी येऊन त्याच्यापुढे काहीतरी ठेवीत असे, ते आता शक्य नाही. १९२० मध्ये महानगरपालिकेने दुपारच्या भुकेचा हिशेब केला होता. शंभर वर्षांनी शहर इतके पसरले की सकाळचाही करावा लागला. न्याहारी करणाऱ्या स्त्रिया पुष्कळ ठिकाणी त्याच भागातील बचत गटांच्या असतात आणि त्याही पहाटेच उठलेल्या असतात. घरकामाला जाणाऱ्या बायकांची बस शहरात शिरते त्या सुमारास इकडे उपम्याचे पातेले चुलीवरून उतरलेले असते, आणि मुले पाट्यादप्तरे भिंतीशी ठेवून ताटे घेऊन ओळीने बसत असतात.